चांदण्या निघाल्याशिवाय पैसे न घेणारे डॉक्टर

माझं अक्षर म्हणजे ओल्या सारवणावरून कोंबडी चालून गेल्यासारखं. पहिली वेलांटी कुठं, दुसरी कुठं, हे चौथीपर्यंत मला कळलं नाही, आणि पाचवीत मी गेलेच नाही. त्यामुळं चुका असणार, त्या पोटात घालाव्यात. तसं हे वाचणार कुणी नाही. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आणि वही पिठाच्या डब्यामागं ठेवते. पण आरोन डॉक्टरांचं लिहून ठेवायचंच आहे. तोंडानं सांगायला गेले की मला दुसऱ्याच वाक्याला घाम फुटतो. कागदापुढं फुटत नाही.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे. येरमाळ्याला नोकरीवर आले आणि नोकरी संपली तरी तिथंच राहिले. हायवेपासून थोडं आत दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड आणि मोठं अंगण. ते यहुदी होते, मूळचे कोकणातले. आमच्याकडं यहुदी म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी त्यांना ख्रिश्चन समजायचं, कुणी मुसलमान. मटण खात नाहीत म्हणून एक म्हातारा तर पैज लावून सांगायचा की डॉक्टर लिंगायत आहेत. नाव आरोन होतं, गावानं त्याचं अरुण केलं. त्यांनी ते कधीच दुरुस्त केलं नाही. म्हणायचे, "हाक मारली की मी वळतो ना? मग झालं."

उंच, वाळलेले. चष्मा दोरीनं गळ्यात. शर्टाच्या खिशात ताप बघायची नळी, आणि ती कुणाच्या कुठं घालून आलीय हे माहीत असल्यामुळं त्यांच्या खिशाजवळ कुणी जात नसे. माणसांना ते अरे-तुरे करायचे आणि जनावरांना अहो-जाहो. "बाईसाहेब, जरा पाय उचला. हां, उपकार झाले." हे म्हशीला. आणि म्हशीच्या मालकाला, "तू बाजूला हो रे गाढवा."

एकानं विचारलं, "डॉक्टर, आमी काय जनावरापेक्षा खाली का?"

"तू उलटून बोलू शकतोस. हिला बोलता येतं का? मग निदान मान तरी देऊ."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "फरक कळला पाहिजे." गाय गाभण आहे म्हणून कुणी पेढे घेऊन आलं, तर पोटावर टिचकी मारून म्हणायचे, "गॅस धरलाय. गाभण आणि फुगलेली, यात फरक कळला पाहिजे." आणि तरी एक पेढा खायचे.

माझी त्यांची ओळख शेळीवरून झाली, पण खरी गाठ पडली ती मशीनवरून. मी शेंगदाण्याची चटणी उखळात कुटून हायवेला येरमाळ्याच्या स्टँडपाशी विकायची. दर शनिवारी, कारण शनिवारी गाड्या जास्त. हातानं कुटून किती कुटणार? कांडप मशीन पाहिजे होती. बचत गटात कर्ज मिळायचं, पण त्यासाठी सगळ्या बायांपुढं उभं राहून कारण सांगावं लागतं. मी दोनदा उभी राहिले आणि दोन्ही वेळा पाणी प्यायला उठल्यासारखं दाखवून खाली बसले.

मग एका सोमवारी शेळी घेऊन डॉक्टरांकडं गेले. शेळी ठणठणीत होती. त्यांनी डोळे बघितले, दात बघितले, आणि शेळीलाच म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही. तुमच्या मालकिणीला झालंय. काय झालंय, विचारा बरं."

मी शेळीकडं बघतच सांगितलं, "मशीन घ्यायचीय. बावीस हजार कमी पडत्यात."

माणसाकडं बघून मला हे जन्मात सांगता आलं नसतं. त्यांनी पेटी उघडली, पैसे मोजले. कागद नाही, व्याज नाही. म्हणाले, "जमेल तसे दे. फक्त शनिवारी चांदण्या निघायच्या आत माझ्यापुढं पैसा आणू नको."

मी मान डोलवली. आणि घरी आल्यावर लक्षात आलं, की एरवी मी येरमाळ्याला जाते तीच मुळी शनिवारी.

घरी मशीन आली. ती काय सुरेख आवाज करायची! पण तिचं नाव पहिल्या दिवसापासून 'डॉक्टरची मशीन' पडलं. मालक म्हणायचे, "डॉक्टरच्या मशीनवर जरा मिरची काढ." जाऊबाई म्हणायच्या, "डॉक्टरच्या मशीनला तेल घातलं का?" एकदा मी धीर करून म्हणाले, "माझी हाय ती."

मालक हसले. "फेड की मग. फिटंस्तवर डॉक्टरची."

बास. तेवढंच माझ्या डोक्यात बसलं. माझ्या नावावर घर नाही, रान नाही, गॅसची टाकीसुद्धा नाही. ही एक वस्तू माझी होणार होती, आणि ती माझ्या हातानं पैसे दिल्यावरच. मालकांच्या फोनवरून पाठवता आले असते. पण मग ते मालकांनी फेडले असं झालं असतं.

म्हणून दर शनिवारी माल खपला की मी डॉक्टरांच्या पायरीवर जाऊन बसायची, कनवटीला दोनशे नाहीतर तीनशे रुपये, आणि आभाळाकडं तोंड.

शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या वेळात काम नाही, चूल नाही, गाडी नाही, पैशाला हात नाही, लिहिणं नाही. पण अडलेलं जनावर आलं तर ते उठायचे. फक्त त्याचे पैसे घेत नसत, चांदण्या निघाल्यावरसुद्धा नाही. म्हणायचे, "शनिवारचं काम विकायचं नसतं."

ही गोष्ट गावाला कळायला दोन आठवडे लागले. तिसऱ्या शनिवारी अंगणात सतरा शेळ्या, चार म्हशी आणि एक कोंबडा! आठवडाभर धडधाकट असलेली जनावरं बरोबर शनिवारी सकाळी आजारी पडायला लागली. रामा म्हणून एक धनगर होता, तो तर गुरुवारपासून शेळीला समजवायचा, "दम धर, परवा दाखवू."

डॉक्टर बाहेर आले. रांग बघितली. चिडतील असं वाटलं. ते इतके हसले की चष्मा दोरीला लोंबायला लागला. मग हात वर करून म्हणाले, "ज्याला चांदण्या निघेपर्यंत दम निघणार नाही, ते जनावर पुढं या. बाकीच्यांनी बसा. चांदण्यांनंतर बघीन, आणि पैसे घेईन."

एक म्हैस पुढं आली. बाकीचे बसले, कारण उठून जावं तर खोटं बोललो असं होतं. तेव्हापासून शनिवार संध्याकाळी त्या अंगणात धनगर, शेतकरी, शेळ्या आणि मी, सगळे वर बघत बसायला लागलो. तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपतो, हे पोराटोरांना पाठ झालं.

"ती बघ एक!"

"ती शुक्राची. ती धरत न्हाईत, डॉक्टर म्हणलेत."

"का न्हाय धरत? ती काय कामावर नाय का?"

"ती उजेडातच निघती. आगाऊ हाय."

दिवाळीच्या आधी एकदा आभाळात ढग होते. तीनातली एकही दिसेना. आणि एकदम रामा ओरडला, "डॉक्टर! तीन झाल्या! एकदम झाल्या! लाल, हिरवी आन् पिवळी!"

डॉक्टर टोपी घालत बाहेर आले. तेरखेड्याच्या बाजूला आभाळ फटफटलं होतं. तिकडं फटाके बनवतात, आणि दिवाळी जवळ आली की माल उडवून बघतात. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत रामाच्या तिन्ही चांदण्या खाली येऊन विझल्या.

"रामा," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "विझतात त्या मोजायच्या नाहीत."

"मग जरा आधी बघायचं की तुमी!"

त्या रात्री ढग हटेचनात. शेवटी डॉक्टरांनी ठरवलं की कुणालाही शंका राहणार नाही इतकं काळं होऊ दे. रामाची शेळी तोवर पायरीवर झोपली, आणि रामा शेळीवर.

चांदण्या निघाल्या तरी लगेच काही होत नसे. आधी डॉक्टर प्रार्थनेला उभे राहायचे. खोलीचं दार उघडंच असायचं. तीन पावलं पुढं यायचे, दोन्ही पाय जुळवायचे, आणि आवाज न करता फक्त ओठ हलायचे. त्या वेळी कुणी बोललं तरी ते बोलत नसत. मी बघत असायची. बघता बघता मला एक दिसलं. उभे राहून थोडा वेळ झाला की त्यांचा उजवा हात वर यायचा आणि दोन बोटं कपाळाला लागायची. दर शनिवारी, बरोबर त्याच सुमाराला.

चार महिन्यांनी मी विचारलं. माझ्या आयुष्यात मी कुणाला आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"डॉक्टर, मधीच कपाळाला हात का लावता?"

ते इतके खूश झाले, की एखादी म्हैस बोलली असती तरी इतके झाले नसते. खुर्ची ओढून बसले. "ऐक मंगल. या प्रार्थनेत रोज एक मागणं असतं, की देवा, अक्कल दे. शनिवारी रात्री त्याच मागण्यात थोड्या ओळी जादा घालायच्या. की बाबा, पवित्र आणि साधं, उजेड आणि अंधार, सातवा दिवस आणि कामाचे सहा दिवस, यांत तू फरक केलास. हात लावायचा नियम नाही काही. मी विसराळू, म्हणून माझी मीच खूण करून ठेवली."

"पण अकलेच्याच मागण्यात का? शेवटी का न्हाय?"

"अक्कल नसली तर फरक कळेल कसा?"

मी घरी जाईपर्यंत त्यावर विचार करत होते. पुढच्या शनिवारी विचारलं, "आन् विसरलं तर?"

"विसरलं तर मागं फिरायचं नाही. नंतर पेल्यावर तेच म्हणायचं असतं, त्यात भागतं."

पेला म्हणजे काळ्या मनुका भिजवून काढलेलं शरबत. ते पेल्यात इतकं भरायचं की बशीत सांडलं पाहिजे. इंजेक्शनच्या जुन्या डबीत लवंग-दालचिनी ठेवलेली, ती हुंगायची. किराणा दुकानातल्या दोन मेणबत्त्या दुपारभर पत्र्याखाली राहून मऊ झालेल्या, त्या चांदण्यांनंतर पिळून एक केलेल्या. ती पेटवायची आणि तिच्या उजेडात आपली नखं बघायची. का, तर उजेडाचा काहीतरी उपयोग झाला पाहिजे. तेव्हा मी पण माझी बघायची. मिरचीनं लाल झालेली. मग शरबत प्यायचं, ज्योत बशीत विझवायची, आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडं वळून, म्हशीला बोलावं तसं मानानं, "हं. आणा."

पैसे घेऊन झाले की माझ्या पिशवीतली त्या आठवड्याची चटणी चिमूटभर तोंडात टाकायचे. "आज मीठ वर आहे." किंवा, "आज लसूण झोपलाय." ते म्हणतील ते मी पुढच्या शनिवारी बदलायची. माझी चटणी चांगली झाली ती त्यामुळंच.

मागच्या वैशाखात डॉक्टर म्हणाले, "मंगल, डोळे गेले. चांदण्या आता मला तुम्ही सांगाल त्याच. पुतणी ठाण्याला बोलावतेय. पुढच्या शनिवारी जातो."

माझे सातशे राहिले होते.

ते लगेच म्हणाले, "सातशे राहू दे, माझ्याकडून मशीनला भेट."

"न्हाय," मी म्हणाले. इतक्या जोरात की मीच दचकले. "मग ती जन्मभर तुमचीच ऱ्हाईल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हसले नाहीत. "बरोबर. शनिवारी आण."

त्या शनिवारी मी उन्हात सकाळपासून उभी. कधी ओरडून माल न विकणारी मी, त्या दिवशी गाडीच्या खिडक्यांपाशी जाऊन "चटणी, चटणी" म्हणत होते. सहाच्या सुमाराला सातवी शंभराची नोट झाली. एकच पुडी मुद्दाम ठेवली, डॉक्टरांच्या वाटेसाठी.

पुतणी आली होती. रिबेका नाव, जीन घातलेली, बोलायला गोड, पण तिचं सगळं लक्ष घड्याळावर. तिनं पावणेआठच्या मुंबईच्या गाडीची दोन तिकिटं काढली होती. तिला वाटलं, सात म्हणजे रात्रच. आमच्याकडं वैशाखात सातला आभाळ कसं लख्ख असतं, हे तिला कुठून माहीत!

"काका, निघाल्या असतील ना आता चांदण्या?"

"एक झाली," मी वरून नजर न काढता सांगितलं.

"शुक्राची धरू नको," डॉक्टर.

"ती सोडूनच एक."

दुसरी निघाली. तिसरी काही निघेना. मी, रिबेका, रामा, रामाची शेळी, सगळे माना वर करून. अखेर ती चिंचेच्या वर दिसली आणि मी ओरडले. डॉक्टर आत जाऊन पटकन उभे राहिले. ओठ भराभरा हलत होते. मी बघत होते, हात आता वर येईल, आता येईल. हात आलाच नाही. तीन पावलं मागं आले, संपलं. मी मनात म्हणाले, असू दे, विसरलं तर चालतं.

रिबेका शरबत ओतायला लागली. मी पिशवीतून चटणीची पुडी काढून टेबलावर ठेवली, वाटेत लागेल म्हणून. आणि डॉक्टरांनी, तीस कामं डोक्यात, सवयीनं पुडी उघडली आणि चिमूट तोंडात टाकली.

"लसूण आज जागा—" म्हणाले, आणि थांबले. हळूच माझ्याकडं वळले. "मंगल. मी कपाळाला हात लावला का गं?"

"न्हाय लावला," मी म्हणाले. "पन चालतंय की. तुमीच म्हणला होता."

"चालतं गं! पण विसरल्यावर पेल्याच्या आधी काही खाल्लं, तर चालत नाही! सगळी प्रार्थना परत! पहिल्यापासून!"

"काका," रिबेका रडायला आलेली, "चटणी म्हणजे काय जेवण आहे का?"

"हिची चटणी तू खाल्लेली नाहीस."

"बस जाईल! बरं, निदान यांचे पैसे तरी घेऊन टाका."

"आधी अक्कल, मग पैसे," डॉक्टर म्हणाले आणि उभे राहिले. पाय जुळले. आता जग बुडालं तरी ते बोलणार नव्हते.

रिबेकानं माझ्याकडं बघितलं. मी रामाकडं. रामाच्या खांद्यावर शेळी होती. मग मला कळलं की मलाच जावं लागणार.

पदर खोचून स्टँडपर्यंत पळत गेले. गाडी लागली होती, कंडक्टर बेल मारायच्या बेतात. मी दारात चढले. आत चाळीसेक माणसं, सगळी माझ्याकडं बघतायत. पण मला माझी मशीन दिसत होती.

"थांबा," मी म्हणाले. "डॉक्टर यायचेत."

"टायमिंग झालं ताई. कुठले डॉक्टर?"

"अरुण डॉक्टर. जनावरांचे. त्यांनी चटणी खाल्ली."

कंडक्टरचा चेहरा बदलला. "बाधली का?"

"न्हाय, न्हाय. प्रार्थनेत अकलेच्या मागण्यात त्या ओळी ऱ्हायल्या. नुसत्या ऱ्हायल्या असत्या तर भागलं असतं, पन वर चटणी खाल्ली. म्हणून परत उभे ऱ्हायलेत. मग पेला, मग लवंग, मग मेणबत्ती, की आलेच."

मी इतकं एका दमात आयुष्यात बोलले नव्हते.

"अरुण डॉक्टर का?" ड्रायव्हर मागं वळून म्हणाला. त्यानं चावी फिरवली, इंजीन बंद केलं. "माझ्या मेव्हण्याची म्हैस वाचवलीय त्यांनी शनिवारी. फुकट. बसू द्या लोकांना पाच मिनिटं."

"पाच न्हाय," मी खरं ते सांगितलं, "धा."

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, चटणी ऱ्हायलीय का?" सगळी गाडी हसली. एक म्हातारी म्हणाली, "परत पहिल्यापासून व्हय? आमची आरती चुकली तर आमी पुढंच रेटतो." त्यावर वाद सुरू झाला. अर्धी गाडी डॉक्टरांच्या बाजूची, अर्धी म्हातारीच्या.

मग ते आले. पुढं रामा डोक्यावर ट्रंक घेऊन, मागं शेळी, मागं रिबेका, आणि शेवटी डॉक्टर, डोक्यावर टोपी तशीच, अंगाला लवंगांचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास. त्यांचा चेहरा परीक्षा पास झालेल्या पोरासारखा. एक पाय पायरीवर ठेवला आणि हात पुढं केला.

"हं. आणा."

मी नोटा दिल्या. ते म्हणाले, "मला दिसत नाही, मोजून दे." मी मोजायला लागले, पण माझा आवाज फुटेना. मग खिडकीतली म्हातारीच म्हणाली, "एक." दुसऱ्या नोटेला चार जण म्हणाले. चौथीपासून सगळी गाडी मोजत होती, ड्रायव्हरसकट. सहा म्हणताना रामाची शेळी ओरडली. सातवी नोट मी त्यांच्या हातावर ठेवली, त्यांनी ती ताप बघायच्या नळीच्या खिशात खोवली, वर चढले आणि दारातून मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, "फिटले. बावीस हजार पूर्ण फिटले."